कानापासून खाली

आमच्या सेंटरमध्ये सरांना त्यांच्या माघारी सगळे 'डोयेवाले', म्हणजे डोळेवाले, म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं. एकदा रिसेप्शनवरचा मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "डोयेवाले अजून नाही आले," आणि सर नेमके त्याच्या मागे उभे. ते म्हणाले, "आले म्हना. अन् हेबी सांग, का तुह्या डोयात पिवयं दिसून राह्यलं त्यायले. रक्त तपासून घे." त्या मुलाला कावीळबिवीळ काही नव्हती. तरी दोन दिवस तो येता-जाता आरशात पाहत होता.

सरांबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील जिनिंगमध्ये हमाली करतात, आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. महागाव तालुक्यातल्या आमच्या गावात, विहारात बायका जमल्या की आई सांगायची, "माही पोरगी कॅन्सरच्या मशीनवर हाय." मी मशीनवर नव्हते. मी इंटर्न होते, एक वर्षाची. वर्ष संपल्यावर सेंटरने सर्टिफिकेट दिलं तर पदवी पूर्ण होणार होती.

मशीन म्हणजे पेट-सीटी. रुग्णाला शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात. ते साखरेसारखं असतं. शरीरात जिथे साखर जास्त जळते ती जागा चित्रात उजळते, आणि कॅन्सरच्या गाठी साखर फार खातात. त्याच वेळी सीटीने शरीराचा आकारही टिपला जातो. मग दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून डॉक्टर वाचतात. आमच्याकडे ते वाचायचे सर.

आणि ते वाचायला सुरुवात करायचे डोळ्यांपासून. रुग्ण फुप्फुसाचा असो, आतड्याचा असो, पहिले डोळे. त्यासाठी त्यांनी चिवड्याच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापून ठेवला होता. त्याला मधोमध एक आडवी फट. तो पुठ्ठा ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुतळीने टांगायचे, म्हणजे फटीतून फक्त डोळ्यांची पट्टी दिसायची. लाखो रुपयांचा तो पडदा आणि त्यावर तेलकट डाग पडलेलं खोकं. मॅनेजर पाहुण्यांना सेंटर दाखवायला आणायचे तेव्हा तो पुठ्ठा काढून कपाटामागे टाकायचे. सर तो पुन्हा शोधून टांगायचे.

"एकदा का तुले लिव्हरमंधी ठिपके दिसले," ते मला म्हणायचे, "का तू डोये पाहत नाही. मानसाचं असंच हाय. मोठं दिसलं का बारकं मेलं त्याच्यासाठी."

दुसरी अडचण मेंदूची. मेंदू सतत साखर खातो, त्यामुळे तो चित्रात पेटल्यासारखा दिसतो आणि शेजारची डोळ्याची खोबण त्या झळाळीत बुडून जाते. म्हणून उजेड कमी करत, करत, करत न्यायचा. मेंदू राखाडी झाला की मग डोळा दिसू लागतो. डोळ्याचा गोळा काळा, त्याच्या बाजूंना स्नायूंच्या फिकट रेघा. दोन्हीकडे सारख्या असल्या तर बरं. "एकाले दुसऱ्याची साक्ष ठेवून पाह्य," हे त्यांचं वाक्य मी रोज ऐकलं.

औषध दिल्यावर रुग्णाने तासभर शांत पडून राहायचं असतं. त्या खोलीत सर स्वतः जाऊन सगळ्यांचे मोबाइल गोळा करायचे. पडून पडून लोक व्हिडिओ पाहतात, डोळे फिरतात, आणि मग स्नायू उगाच उजळतात. एका बाईने विचारलं, "अजी, मोबाइल कायले नेता? मी पयून चालली का?" सर म्हणाले, "बाई, तुमी नाही पयत, तुमचे डोये पयतेत. मिटा." एक तास मिटलेले डोळे. कुणी उघडले तर ते दारातून ओरडायचे. लोक कॅन्सरला घाबरलेले असायचे, त्यात हे.

गोड माणूस नव्हताच तो. ते सगळ्यांना 'बे' म्हणायचे, मॅनेजरलासुद्धा. पांढरकवड्याहून रोज एसटीने यायचे, हातात स्टीलचा डबा. बसमध्येही त्यांना चैन नसे. एका कंडक्टरचे डोळे थोडे बाहेर आल्यासारखे होते. सरांनी भर बसमध्ये त्याला सांगितलं, "तुह्यं थायरॉइड तपास. डोयामांगचे स्नायू सुजले तुह्ये." तो चिडला. "काका, तिकीट घ्या, डोये नका पाहू." बस हसली. पुढे त्याने तपासणी केली, थायरॉइड निघालंच. पण बसमधले लोक त्याला चिडवत राहिले, आणि तो सरांशी शेवटपर्यंत बोलला नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही. "गोयी तं घेऊन राह्यला ना," एवढंच.

त्यांना डोळ्यांचं एवढं का, यावर सेंटरमध्ये बऱ्याच गोष्टी होत्या. कुणी म्हणे त्यांची बायको आंधळी होती, कुणी म्हणे भाऊ. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "कारन कायले पाहिजे वं? त्या जागी डोया हाय, एवढं कारन पुरत नाही?"

पहिल्या महिन्यात त्यांनी मला एक स्कॅन दाखवला आणि फटीतून बघायला लावलं. उजव्या डोळ्याचे स्नायू चांगले उजळलेले, डावीकडे काहीच नाही. मी घाबरत सांगितलं, "सर, उजव्या डोळ्यात काहीतरी आहे."

"काय हाय?"

"गाठ असेल."

"जा, विचारून ये त्याले."

रुग्ण बाहेर बाकावर चहा पीत होते. सत्तरीचे आजोबा. त्यांच्या अंगात अजून औषध होतं, म्हणून मी नियमाप्रमाणे लांब उभी राहिले. आजोबा म्हणाले, "काहून दूर उभी राह्यली वं? मी का वाघ हाओ?" मी विचारलं, उजव्या डोळ्याला काही त्रास आहे का. ते म्हणाले, "उजव्याले काय धाड भरली? तोच तं एक हाय." आणि त्यांनी सरळ डावा डोळा खोबणीतून काढून तळहातावर ठेवला. काचेसारखा, धुतलेला. तरुणपणी पराटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटताना काडी घुसली होती म्हणे.

मी परत आले तेव्हा सर हसत नव्हते. "सीटीत पाह्यला असता तं दिसलं असतं, का डावा गोया मानसाचा नाही. तू निरा चमक पाह्यली. तुह्या मायनं तुले दोन डोये देले ते कायले?" दारात दोन रुग्ण उभे होते, त्यांच्यासमोर.

मी औषधाच्या खोलीत जाऊन रडले. तिथे शिशाच्या भिंतीआड नागपूरहून आलेलं औषध ठेवतात, म्हणून कामाशिवाय कुणी येत नाही. पुढेही रडायचं झालं की मी तिथेच जायचे. आम्ही सगळे छातीवर एक बिल्ला लावतो, अंगाला किती किरणं लागली ते त्यात मोजलं जातं. तीन महिन्यांनी बिल्ल्यांचे आकडे आले, माझा सगळ्यांपेक्षा जास्त. सरांनी कागद वाचला, चष्मा वर केला. "रडाले दुसरी जागा नाही भेटली तुले?"

त्यांना कसं कळलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून जिन्याखालच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर असायची. पण ओरडणं कमी झालं नाही.

मॅनेजरचं आणि त्यांचं भांडण कशावरून, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे.

स्कॅन करण्याआधी मशीन रुग्णाचं एक साधं उभं चित्र देतं. त्यावर आम्ही माउसने दोन रेघा ठेवतो, इथून सुरू, इथे बंद. बऱ्याच ठिकाणी वरची रेघ कानाच्या भोकाशी ठेवतात आणि खाली मांडीपर्यंत जातात. डोकं हवं असेल तर डॉक्टर तसं लिहून देतात. सरांचं म्हणणं, रेघ टाळूच्या वर. प्रत्येकाची. त्याने दर रुग्णामागे दोन-तीन मिनिटं वाढायची. बाहेरून बघणाऱ्याला दोन-तीन मिनिटं काहीच नाहीत. पण आमचं औषध नागपूरहून गाडीने येतं, आणि जवळपास दोन तासांत त्यातला अर्धा जोर निघून जातो. शेवटच्या रुग्णाला उशीर झाला की औषध पुरत नाही, त्याला परत पाठवावं लागतं. मॅनेजरचंही अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी मशीनच्या खोलीत छापील कागद लावला होता, 'कानापासून मांडीपर्यंत'. सर त्यावर रोज लाल पेनने फुली मारायचे. मॅनेजर दर सोमवारी नवा कागद लावायचे.

आणि कुणाचा स्कॅन कानापासून घेतलेला दिसला की सर सगळ्या सेंटरला ऐकू जाईल असं विचारायचे, "याचं मुंडकं कुठी ठेवलं बे?"

रुग्णाला औषध देण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. साखर किती, ऑपरेशन कधी झालं, असं. त्यात सरांनी हाताने एक ओळ वाढवली होती, 'डोळ्यांची तक्रार'. ती विचारल्याशिवाय फॉर्म पुढे जायचा नाही.

तो दिवस असा. सरांना ताप होता, ते आठ दिवस येणार नव्हते. त्यांच्या जागी बाहेरगावचे एक डॉक्टर कॉम्प्युटरवरूनच स्कॅन वाचत होते. सकाळी औषधाची गाडी बंद पडली, दीड तास उशिरा आली. सात रुग्ण बसलेले. सिनियर टेक्निशियन, ज्यांना मी दादा म्हणायचे, ते म्हणाले, "आज सरळ कानापासून घे. डोयेवाले नाहीत. नाहीतर शेवटचे दोघं परत जातील, एक तर पार उमरखेडकडून आलाय."

चौथी एक बाई होती. बाभुळगावच्या पलीकडची, शिवणकाम करणारी. स्तनाचं ऑपरेशन झालेलं. मी सवयीने विचारलं, "डोळ्यांचं काही?"

ती म्हणाली, "डाव्या डोयापुढं वलं फडकं टाकल्यावानी दिसते वो म्याडम. सुई ओवताच येत नाही. मोतीबिंदू असन, नाही?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं होतं. मी म्हणाले, "असू शकतो." आणि फॉर्मवर लिहिलं, 'डावा डोळा, ओल्या फडक्यासारखं'. तिचेच शब्द लिहिले, कारण सर तसंच लिहायला लावायचे.

तासाभराने ती मशीनवर झोपली. पडद्यावर उभं चित्र आलं. रेघ टाळूवर होती, माझ्याच सवयीने. मी ती खाली ओढली, कानापर्यंत. पडद्यावर जेमतेम दोन बोटांचं अंतर. मला फडकं आठवत होतं. म्हणजे मी विसरले असं नाही. मला वाटलं मोतीबिंदूच असेल, वाटलं उमरखेडचा माणूस परत जाईल, वाटलं दादांनी सांगितलंय. आणि हेही वाटलं, की आज कुणी ओरडणार नाही. खरं सांगायचं तर हेच जास्त.

रिपोर्ट आला, 'तपासलेल्या भागात इतरत्र प्रसार नाही'. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

सर परत आले ते थकलेले. खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं, "माह्या मांगं किती मुंडके छाटले?"

मी म्हणाले, "एकही नाही, सर."

त्यांनी पाहिलं माझ्याकडे. एरवी ते कुणाच्या शब्दावर राहत नसत, स्वतः एकेक स्कॅन उघडून तपासत. त्या दिवशी म्हणाले, "बरं," आणि डबा उघडला. माझ्यावर त्यांनी ठेवलेला तो पहिला विश्वास. त्या दिवशी त्यांनी तपासलं असतं तर तिला आठवड्यात परत बोलावता आलं असतं.

ती आली अडीच महिन्यांनी, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. डाव्या डोळ्याने दिसणं बंद झालं होतं, उजव्यातही अंधारी सुरू. सरांनी तिचा पूर्ण स्कॅन घेतला. पुठ्ठा टांगला, मला शेजारी बसवलं. उजेड कमी करत नेला. डाव्या गोळ्याच्या मागच्या भिंतीवर एक ठळक ठिपका, सीटीत तिथे फुगीर जाड थर. उजवीकडे तसाच, बारका. कॅन्सर डोळ्यांत उतरला होता. मग त्यांनी तुलनेसाठी जुना स्कॅन उघडला.

तो कानापासून सुरू होत होता.

या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांनी जुना फॉर्म मागवला आणि माझं अक्षर वाचलं. बराच वेळ वाचत होते, जरी ओळ एकच होती.

"तू एकबी नाही म्हनली होती," ते म्हणाले.

मी फॉर्म त्यांच्या हातातून घेऊन परत फाइलमध्ये लावला.

"तवा दिसलंच असतं असं नाही म्हनत मी. बारकं असतं तं नसतंबी दिसलं. पन दिसलं असतं तं किरनाचा शेक देऊन डोया वाचाचा चान्स होता. आपन पाह्यलंच नाही."

त्यांनी रिपोर्टला जोडायला एक पान लिहिलं. पहिल्या स्कॅनमध्ये डोळे घेतले नव्हते, रुग्णाने तक्रार सांगितली होती, ती नोंदलेली होती, चूक सेंटरची. माझं नाव त्यात नव्हतं. मॅनेजरनी ते पान वाचलं आणि दार लावून घेतलं, पण आवाज बाहेर येत होता.

"सर, तिला सांगून डोळा परत येणार आहे का?"

"डोया तिचा हाय बे. गेला कसा हे तिले समजाले नको?"

"आणि सेंटर बंद पडलं तर? पुन्हा सगळ्यांनी नागपूर गाठायचं?"

यावर सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

दुपारी मॅनेजरनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला. म्हणाले, "बेटा, तुझं वर्ष या महिन्यात संपतंय. घरी कोण कोण असतं?" मी सांगितलं. मग त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे केला. सगळं जसंच्या तसं उतरवायचं होतं, फक्त सरांची ती हाताने वाढवलेली ओळ नको. मी उतरवलं. साखर किती, ऑपरेशन कधी. त्यांनी जुना फॉर्म माझ्यासमोर फाडला. दुसऱ्या कागदावर मी सही केली, की सगळ्यांचे डोळे घ्यावेत अशी लेखी सूचना आम्हाला सरांनी कधी दिली नव्हती. लेखी दिली नव्हती, हे खरं होतं. ते ओरडूनच सांगायचे.

संध्याकाळपर्यंत सरांना वयाचं कारण सांगून मोकळं केलं. ते पुठ्ठा काढायला आले तेव्हा नवा फॉर्म टेबलावर होता. त्यांनी उचलून वाचला आणि खाली ठेवला.

"अक्षर चांगलं हाय तुह्यं," ते म्हणाले.

वर्षभरात त्यांनी माझ्या कशालाही चांगलं म्हटलं, ते एवढंच. मग ते एसटी गाठायला गेले.

कधी कधी मला त्यांचा रागही येतो. ते जरा माणसासारखे बोलले असते, दादांशी, मॅनेजरशी, माझ्याशी, तर ते नसतानाही आम्ही त्यांचं ऐकलं असतं. त्यांच्या धाकानं वर ठेवलेली रेघ, धाक नसताना खाली आली. मी असं स्वतःशी मांडून पाहते. पण माउस माझ्या हातात होता, हे काही त्याने बदलत नाही.

सर्टिफिकेट हातात पडल्यावर मी बाभुळगावची बस धरली. तिला सांगायचं ठरवूनच गेले होते. रस्त्यात वाक्यंही जुळवली होती. ती अंगणात खाटेवर बसली होती. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मी नाव सांगितलं तर ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं.

"म्याडम? बसा. उजव्याले शेक देऊन राह्यले. थोडं दिसते, सावलीवानी." मग म्हणाली, "तुमचा तो डाक्टर आलता इथी."

"कोण?"

"म्हातारा. यस्टीनं आला, मांगच्या हप्त्यात. हातात डबा. म्हने, बाई, पहिल्या खेपेले तुमचे डोये फोटूत घेतलेच नाही. म्हने, मशीन माह्या हाताखाली होती, चूक माही हाय."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय? माह्या भावानं धक्के मारून हाकलला त्याले. म्याच म्हनलं, हाकल. प्यायले पानीबी नाही देलं." ती माझ्या दिशेने वळली, थोडी चुकून, माझ्या खांद्याच्या बाजूला. "तुमी तरी विचारलं होतं वो म्याडम मले, डोयाचं. तितक्या लोकायत तुमीच एक. आठवते मले."

आता बोलायचं होतं. याच्यापेक्षा सोपी वेळ येणार नव्हती. तिने आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. चहा आला. मी प्याले.

निघताना तिने माझा हात चाचपून धरला. "तो डाक्टर भेटला तं सांगजा त्याले, अखीन इकडं येऊ नको म्हना. तोंड पाहाचं नाही मले त्याचं."

"सांगते," मी म्हणाले.

त्यांना सांगायला मी अजून गेले नाही. तिलाही नाही.